चुन्याची रेघ

साडेचारला घंटा होते,
शाळा रिकामी होते, पण सगळी नाही.
ज्यांच्या आया दिवस मावळेपर्यंत पथारीवर असतात
ती एकोणीस पोरं
दप्तरं भिंतीशी टाकून माझ्याकडे बघत राहतात.

आधी हात.
साबण दोनदा, कोपरापर्यंत,
मग मी एकेकाची बोटं हुंगते.
नंदुरबारात हे शिकावंच लागतं,
मिरचीचा हात डोळ्याला लागला
की तासाभराचा खेळ रडण्यात जातो.

सामान म्हणाल तर
ट्रॅक्टरचे दोन टायर, आठ विटा,
सुतळीची शिडी, जमिनीवरच आडवी,
चिंध्यांचा एक चेंडू
(नळाखाली पडला की दोन दिवस कुणालाच उचलत नाही)
आणि डबाभर चुना.

आणि एक तक्ता, वरून आलेला.
‘अंगठा व तर्जनीच्या चिमटीत मणी धरते.’
झिलूच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली
आणि पेन तिथेच अडलं.
साडेपाच वर्षांची पोर.
रविवारी आईच्या मांडीशी बसून
देठ खुडते ती, न बघता,
टक, टक, मिरचीला ओरखडा नाही.
मणी काय, ती मोहरीसुद्धा धरेल.
ही चिमटी कुठून आली
याला तक्त्यात रकाना नाही.

विटांवरून चालते तेव्हा
भावड्या, रोहिदास, सगळे तोंड उघडून बघतात.
टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच,
हात अंगाशी, जणू दोन्हीकडे काही सांडायचं आहे.
पण उडी नाही.
चुन्याची एक रेघ, वीतभर रुंद,
दोन्ही पाय जुळवून पलीकडे, बस्स.
बाकीची पोरं बेडकं झालेली,
ही काठावर येते, वाकते, उभी राहते,
आणि वळसा घालून पलीकडे जाते.

‘भ्याव लागस का?’
‘नही.’
‘मंग?’
‘मोडी जाई ना, बेन.’

मी त्या रविवारी पथारीवर गेले.
जिथवर नजर जाते तिथवर लाल,
आणि मधून पाऊल मावेल एवढी वाट.
चालायला लागलेलं एक लेकरू त्या वाटेवर होतं,
आणि चारी बाजूंनी बायका एकच सांगत होत्या,
पाय दिऊ नको, पाय दिऊ नको.

सोमवारी मी रेघ मारली
आणि सगळ्यांसमोर तिच्यावर नाचले.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, साडीत.
भावड्याला हसू आवरेना.
झिलू हसली नाही.
तिनं मोडक्या रेघेकडे पाहिलं, मग डब्याकडे,
डबा अर्धा भरलेला होता,
मग पुन्हा रेघेकडे.

मी शिडी गुंडाळायला वळले होते,
त्यामुळे उडी मी पाहिली नाही.
आवाज ऐकला फक्त, धप्प, दोन्ही पायांचा एक.
वळून बघते तर रेघेच्या पलीकडे नाही,
बरोब्बर रेघेवर,
दोन टाचा खोल रुतलेल्या,
आणि चुना घोट्यापर्यंत उडालेला.
तक्त्याच्या हिशेबी ही उडी चुकली.
मी बरोबरची खूण केली, दोनदा,
दुसऱ्यांदा कागद फाटला.

सहाला सुपडाबाई आली.
कोपरापर्यंत लाल, डोळे चुरचुरणारे.
‘आई, मी मोडं!’ पोर ओरडत सुटली.
‘काय मोडं वं?’ म्हणत ती घाबरून माझ्याकडे बघते,
‘भरी द्यावं लागी का, बेन?’
नाही म्हटलं. चुनाच तो.

मग ती खाली बसली.
हात मागे धरले, लेकीला लागू नयेत म्हणून,
आणि कोपराच्या वरच्या, स्वच्छ राहिलेल्या भागानं
तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले.
झिलू तेवढा वेळही जागेवर थांबत नव्हती.